पिल्लूच हवं की मोठं कुत्रं? शेल्टरमधून दत्तक घेणाऱ्या घरांसाठी

कर्वेनगरहून एका ताईंनी लिहिलं आहे. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलगी तिसरीत, सासूबाई दिवसभर घरी, पण गुडघ्यांमुळे त्यांना फारसं वाकता-उठता येत नाही. दोन महिन्यांचं पिल्लू आणायचं ठरवून सगळं घर एका शेल्टरमध्ये गेलं. तिथे लांबलचक फॉर्म भरून घेतला, घरमालकाची परवानगी विचारली, एकदा घर बघायला येऊ म्हणाले, आणि पिल्लू न देता साधारण तीन वर्षांची एक कुत्री दाखवली. मुलगी हिरमुसली, ताई दुखावल्या. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. बेघर जिवाला घर द्यायला निघालेल्या माणसांची इतकी चौकशी कशासाठी? मोठं झालेलं कुत्रं लळा लावतं का? आणि सोसायटीच्या गेटवर ज्या दोन कुत्र्यांना त्या रोज जेवण घालतात, त्यावरून चाललेल्या भांडणाचं काय करायचं?

मी पशुवैद्य आहे. दिवसाचा बराच वेळ दवाखान्यात आणि उरलेला शेल्टरमधल्या प्राण्यांत जातो, त्यामुळे दत्तक गेलेलं जनावर पुढे कसं रुळतं ते मला दोन्हीकडून दिसतं. ताई, माझं मत आधीच सांगून टाकते. ज्यांनी तुम्हाला ती कुत्री सुचवली, त्यांनी तुमचं घर बरोबर ओळखलं. तिला भेटायला पुन्हा जा.

चौकशीचा राग येतो, साहजिक आहे. पण शेल्टरची माणसं तुमच्या हेतूवर शंका घेत नसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर परत आलेली जनावरं असतात. कोथरूड, विमाननगर, वाकडमध्ये भाड्याच्या फ्लॅटात राहणारी मुलं हौसेनं पिल्लू घेतात. कोर्स संपला, बदली झाली, घरमालकानं दम दिला की ते परत येतं. परत आणून दिलं ते तरी बरं म्हणायचं, कारण कित्येक जनावरं टेकडीच्या पायथ्याशी नाहीतर कात्रज घाटात सोडून दिलेली सापडतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली पाळलेल्या प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. या रकमेचा धाक कुणाला वाटणार? म्हणून जी काही खात्री करायची ती जनावर देण्याआधीच करावी लागते. दिवाळीत गावी जाताना कुत्रं कुठे ठेवणार, घरात सगळ्यांची संमती आहे का, हे प्रश्न त्यासाठीच असतात. फॉर्मवर सासूबाईंचं मत विचारलेलं नसेल तर तुम्ही स्वतः विचारा, आणि मनापासून विचारा. तुम्ही ऑफिसात असताना त्या कुत्रीबरोबर राहणार आहेत त्या सासूबाईच.

आता पिल्लाबद्दल. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालावं लागतं. जागं असताना दर दीड-दोन तासांनी ते शू करतं, आणि तेवढ्या वेळा त्याला योग्य जागी नेलं तरच सवय लागते. हे दुपारी कोण करणार? चार महिन्यांच्या सुमाराला दुधाचे दात पडायला लागतात, तेव्हा चपला, सोफ्याचे कोपरे, चार्जरच्या वायरी आणि मुलीचे हात, जे समोर येईल ते चावून काढतं. पायात लुडबुडणारं पिल्लू आणि ओली फरशी या दोन गोष्टी गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी खरोखर धोक्याच्या आहेत. पिल्लाला चुकवताना पडून मांडीचं हाड मोडल्याची घटना माझ्याच दवाखान्यात येणाऱ्या एका घरात घडली आहे. त्या आजींना कुत्र्यांची अतिशय माया होती, पण शेवटी पिल्लू नातेवाइकांकडे द्यावं लागलं.

दुसरी बाजू आजाराची. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं द्यायच्या असतात. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर. तोवर पार्व्होची, म्हणजे उलट्या-जुलाब होणाऱ्या जीवघेण्या विषाणूच्या आजाराची, टांगती तलवार असते. आज उड्या मारणारं पिल्लू घरी आणावं, आणि पाचव्या दिवशी ते कोपऱ्यात मान टाकून पडावं, पाणीसुद्धा उलटून टाकावं आणि रक्ताची शी करावी. संसर्ग आधीच झालेला असतो, लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस लागतात. वेळेत सलाईन, उलटी थांबवायची इंजेक्शनं, अंगात ऊब आणि पूर्णवेळ लक्ष मिळालं तर बरीच पिल्लं वाचतात, उपचार न मिळाले तर बहुतेक जातात. हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो. ज्या घरात वर्षभरात पार्व्हो होऊन गेला असेल, तिथे लस पूर्ण न झालेलं पिल्लू मी आणू देत नाही, फरशी कितीही फिनेलनं पुसली असली तरी. त्याला ब्लीच लागतं.

पिल्लू कुणीच घेऊ नये असं मी म्हणत नाहीये. घरात दिवसभर धडधाकट माणूस असेल, रात्री उठायची तयारी असेल, तर जरूर घ्या. तुमच्या घरात आज ती परिस्थिती नाही, एवढंच.

मोठ्या कुत्र्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तुम्हाला पुढचं अंदाजानं घ्यावं लागत नाही. रस्त्यावरचं पिल्लू मोठेपणी केवढं होईल, किती भुंकेल, मुलांना कंटाळेल का, हे मी डॉक्टर असूनही सांगू शकत नाही. तीन वर्षांच्या कुत्रीचं सगळं समोर असतं. ती किती मोठी आहे, स्कूटरच्या मागे धावते का, खाताना जवळ गेलं तर गुरगुरते का, दुसऱ्या कुत्र्यांशी जमवून घेते का, हे तिला रोज सांभाळणाऱ्या माणसाला तोंडपाठ असतं. तुमच्या शेल्टरमध्येही त्या माणसालाच विचारा. ऑफिसात बसणाऱ्यापेक्षा पिंजरे धुणाऱ्या, जेवण वाढणाऱ्या दादांना किंवा मावशींना जास्त माहिती असते.

आणि लळा? आमच्याकडे सिंहगड रस्त्यावरच्या एका बांधकामाच्या साइटवरून आणलेली काळी कुत्री होती. मागचा पाय गाडीखाली येऊन मोडलेला, तो वाकडा जुळला. तोंडावरचे केस पांढरे व्हायला लागले होते. काळ्या, वयस्कर, लंगड्या कुत्र्यांसमोर लोक थांबत नाहीत, सगळे पुढच्या पिंजऱ्यातल्या भुऱ्या पिल्लांकडे जातात. सहकारनगरचं एक निवृत्त जोडपं मात्र थांबलं. काकांना सकाळी हळू चालणारी सोबत हवी होती. घरी नेल्यावर पहिले काही दिवस ती दाराजवळच्या पायपुसण्यावरून हललीच नाही, आणि कुणी बघत नसतानाच जेवायची. काकांनी तिला हाक मारणंही सोडलं. तिच्याजवळ खुर्ची टाकून ते रोज पेपर वाचत बसायचे. एक दिवस तिनं आपण होऊन हनुवटी त्यांच्या चपलेवर टेकवली. आता काकूंनी फोनवर थोडा आवाज चढवला तरी ती उठून त्यांच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहते. मोठं कुत्रं माणूस निवडतं, आणि एकदा निवडलं की सोडत नाही.

तुम्ही पुन्हा जाल तेव्हा काय बघायचं ते सांगते. पिंजऱ्याशी गर्दी करू नका. मुलीला सांगा, डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही आणि डोक्यावरून हात फिरवायचा नाही. कुत्रीकडे थोडी पाठ करून जमिनीवर बसा आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा बाजूला ठेवा. ती लगेच आली तर उत्तम. घाबरली पण काही मिनिटांनी मान लांब करून वास घेतला, तरी चांगलं लक्षण आहे. शेपूट पोटाशी, ओठ सारखे चाटणं, झोप नसताना जांभया आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, याचा अर्थ ‘मला आत्ता जागा हवी आहे’. अशी कुत्री वाईट नसते, तिला वेळ आणि शांत घर लागतं. खाणं घाईघाईनं गिळत अंग ताठ करणारी, नजर रोखणारी मात्र आठ वर्षांच्या मुलीच्या घरात पहिलं कुत्रं म्हणून नको. पिंजऱ्याबाहेर पट्ट्यावर फिरवून बघा, कारण पिंजऱ्यात सतत भुंकणारी कित्येक कुत्री बाहेर आली की पाचव्या मिनिटाला शांत होतात. आणि हे एका भेटीत उरकू नका, दोन-तीनदा जा. सासूबाईंना एकदा तरी घेऊन जा.

तिथेच तिचे कागद मागा. नसबंदी झालीय का, रेबीजची आणि बाकीच्या आजारांची लस कधी दिली, जंताचं औषध कधी झालं. वरचा ओठ हळूच उचलून हिरडी बघायला सांगा, ती गुलाबी हवी. फिकट पांढरट दिसली तर रक्त कमी आहे, आणि पुण्यात त्याचं पहिलं कारण गोचीड ताप हेच मनात येतं. गोचीड चावल्यावर एक ते तीन आठवड्यांनी ताप दिसतो. म्हणून शेल्टरमधून ठणठणीत निघालेलं कुत्रं दोन आठवड्यांनी जेवण सोडतं तेव्हा लोकांना वाटतं की ते उदास आहे, आधीच्या जागेची आठवण काढतंय. एक वेळ जेवली नाही तर ठीक, पूर्ण दिवस जेवली नाही, अंग गरम लागलं, नाकातून रक्त आलं, तर थेट रक्ततपासणी करा, त्यात प्लेटलेट कळतात. वेळेत कळलं तर गोळ्यांवर बरं होणारं दुखणं आहे. उशीर झाला की रक्त चढवायची वेळ येते. गोचिडाचं औषध महिन्यांच्या हिशेबानं चालू ठेवा, आणि घरात मांजरही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. कुत्र्यासाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

घरी कधी आणायचं, यालाही पुण्यात महत्त्व आहे. गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि कर्वेनगरपर्यंत आवाज येतो. मग विसर्जन, मग दिवाळीचे फटाके. नव्या घरात पहिल्याच आठवड्यात हे कानावर पडलं तर बिचारीला ते घरच भीतीचं वाटायला लागतं. जमलं तर हे दिवस टाळा. दोघांपैकी एकाला चार-पाच दिवस सुट्टी घेता येईल अशी वेळ साधा.

पहिल्या दिवशी पाहुणे, फोटो, आंघोळ, काही नको. एक कोपरा, एक गोधडी, पाणी. साधारण ठोकताळा असा: पहिले तीन दिवस भांबावलेपणाचे, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. पहिल्या आठवड्यात सगळ्यात मोठा धोका एकच: दार उघडं राहतं आणि कुत्रं पळतं. अनोळखी भागात पळालेलं कुत्रं तुमच्या हाकेला येत नाही, तुमचा आवाज त्याला अजून ओळखीचा नसतो. म्हणून गळ्यातला पट्टा आणि छातीचा हार्नेस दोन्ही घाला, दोरी दोन्हींना अडकवा, गळ्यात फोन नंबरची पट्टी लावा. दूधवाला, कचरावाल्या मावशी, कुरिअरवाला यांच्या वेळेला ती आतल्या खोलीत असू द्या. सासूबाईंना दार उघडायला वेळ लागतो आणि बंद करायलाही, हे लक्षात घेऊन दाराला आतून मुलांसाठी लावतात तसं छोटं फाटक बसवलंत तर फार बरं.

जेवण साधं. भात-चिकन, अंडं, थोडी शिजलेली भाजी, नाहीतर चांगलं कोरडं खाणं. नुसत्या दूध-पोळीवर कुत्रं दिसायला गुबगुबीत होतं, पण अंगात ताकद राहत नाही. शाकाहारी घरात अंडं, पनीर आणि कोरड्या खाण्यावर कुत्रं व्यवस्थित राहू शकतं. मांजर नाही राहू शकत, तिला मांस किंवा मासे लागतातच, तेव्हा तुमच्या मुलीनं उद्या मांजर मागितलं तर हे आधी ठरवा. बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा आणि शिजवलेली हाडं अजिबात नकोत. शिऱ्यातले, प्रसादातले बेदाणे आजी-आजोबांच्या हातून प्रेमानं जातात, म्हणून वेगळं सांगितलं. ताप वाटला तर आपली क्रोसिन कधीच देऊ नका. मांजराचा जीव तिच्या थोड्या मात्रेनंही जाऊ शकतो आणि कुत्र्याचंही लिव्हर बिघडू शकतं.

महानगरपालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना काढून घ्या, रेबीजच्या लसीचा दाखला त्याला लागतो. सोसायटीनं ‘पाळीव प्राणी नकोत’ असा ठराव केला असेल तर तो टिकणारा नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळानं स्पष्ट सांगितलं आहे की सोसायटीला उपविधी बदलूनही प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. तुमच्याकडून मात्र कुत्री कायम दोरीवर हवी, आणि पिशवीत शी उचलायला कधीही चुकायचं नाही. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला नेलंत तरी दोरी सोडू नका, तिथे मोर आहेत आणि त्यांची अंडी जमिनीवर असतात.

समजा सगळं करूनही नाहीच जमलं, तर शेल्टरला फोन करा आणि त्यांच्याकडेच परत द्या. ओळखीच्या कुणाला तरी परस्पर देऊ नका. दत्तक घ्यायच्या आधीच खात्री वाटत नसेल तर फॉस्टर म्हणून काही आठवडे सांभाळायला मागा. ऑपरेशन झालेल्या किंवा बरं होत असलेल्या प्राण्याला तेवढे दिवस घर मिळालं तर शेल्टरमधली एक जागा मोकळी होते, आणि तुमच्या घराला कुत्र्याचं राहणं म्हणजे काय ते कळतं.

आता गेटवरच्या दोघांकडे वळते. त्यांच्यासाठी केलेलं काम दत्तक घेण्याइतकंच मोलाचं आहे. पुण्यातली सगळी भटकी कुत्री घरांत जाणार नाहीत, तेवढी घरंच नाहीत, आणि त्यातल्या कित्येकांना चार भिंती नकोच असतात. त्यांच्यासाठी करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे नसबंदी. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि गाभण राहिली की सुमारे ६३ दिवसांत विते. तुम्ही रोज पोळ्या घालता, ती सशक्त होते, पिल्लं जास्त जगतात, आणि नसबंदी झालेली नसेल तर वर्षभरात दोनाची आठ होतात. मग सोसायटी चिडते, ते चूकही नाही. कान बघा. इंग्रजी व्ही सारखी छोटी खाच असेल तर नसबंदी झालेली आहे. नसेल तर महानगरपालिकेकडे नोंद करा, किंवा ब्लू क्रॉस सोसायटी ऑफ पुणे, बावधनची रेस्क्यू अशा संस्थांशी बोला. जखमी जनावर असेल तर औंधचं सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयही आहे. पकडायला गाडी येईल त्या दिवशी तुम्ही हजर राहा, कारण तुमच्या हाकेला ती येतात आणि जाळं टाकावं लागत नाही.

‘उचलून लांब कुठेतरी सोडा’ ही मागणी कमिटीच्या बैठकीत हमखास होते. २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांत नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं जिथून नेलं तिथेच परत सोडायचं आहे. त्यामागे साधं कारण आहे. ओळखीची, लस घेतलेली कुत्री जागेवर असली की बाहेरची टोळी आत येत नाही. ती हलवली की जागा रिकामी होते आणि तिथे नसबंदी न झालेली, लस न घेतलेली, तुम्हाला न ओळखणारी कुत्री येतात. त्याच नियमांत जेवण घालायची जागा सोसायटीनं ठरवून द्यायची आहे: मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून आणि ये-जा करायच्या दारापासून लांब, आणि लहान मुलं व ज्येष्ठ मंडळी खाली नसतील अशा वेळी. सर्वोच्च न्यायालयानंही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात ठरवून दिलेल्या जागीच खाऊ घालण्यावर भर दिला. म्हणजे ताई, गेटवर जेवण घालण्यात तुमची बाजू कमकुवत आहे, आणि हे मला तुम्हाला सांगितलंच पाहिजे. गेटवर खाणारं कुत्रं गेट राखायला लागतं, स्वीगीवाल्या मुलावर भुंकतं, आणि बदनाम होतं ते कुत्रंच. मागच्या भिंतीकडची, पार्किंगच्या पलीकडची जागा स्वतःहून सुचवा. ठरलेली वेळ, ठरलेली दोन भांडी, अर्ध्या तासात सगळं धुऊन उचललेलं. भात रस्त्यावर ओतायचा नाही.

कुणाला दात लागला तर वाद बाजूला ठेवून आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद-चुना काही नको. त्याच दिवशी दवाखाना गाठा, लसीचे डोस डॉक्टर सांगतील त्या तारखांना पूर्ण करा, रक्त आलेलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनबद्दल, विचारा. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही, त्याआधी लसीनं तो टळतो.

कमिटीशी बोलताना दोन्ही कुत्र्यांचा एकेक कागद तयार करून न्या: फोटो, कानाची खाच आहे का, रेबीजची लस कुठल्या तारखेला झाली, पुढची कधी आहे, आणि काही झालं तर फोन कुणाला करायचा. तो कागद नोटीस बोर्डावर लावायची परवानगी मागा. दरवर्षी लसीच्या दिवशी वॉचमनना आणि ज्यांचा विरोध आहे त्यांच्यापैकी एकाला बरोबर बोलवा, आणि तारीख त्यांच्याच हातानं कागदावर लिहून घ्या.